मांडीखाली हात

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी सुमन नाचणी दळून आणायला गेली. साडेआठच्या सुमारास रस्ता ओलांडताना ती खनिजाच्या ट्रकाखाली आली. नऊ वाजता निरोप शाळेत आला. आमचा मुलगा सुधीर त्या दिवशी सात महिन्यांचा होता.

हे मी सुमनविषयी लिहीत नाही. ते मला जमलेलं नाही. वही उघडतो आणि मिटतो. हे भामाकाकीविषयी आहे. ती गेल्याचं मला पेडण्यात उशिरा कळलं, तोवर तिचं सगळं दिवसकार्य उरकलं होतं. तिच्यावरचा माझा राग मात्र उरकलेला नाही. तो कुठे ठेवावा ते कळत नाही, म्हणून लिहितो आहे.

भामाकाकी आमची घरमालकीण. डिचोलीहून शिरगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून तिचं घर होतं. पुढच्या पडवीत तिची खाणावळ, मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. मी मूळचा चंदगडकडचा, डिचोलीकडच्या मराठी प्राथमिक शाळेत मास्तर. रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जात. पडवीतली बाकं, दोरीवरचे कपडे, तुळशीची पानं, सगळ्यावर तांबडी धूळ बसलेली असे. जेवायला येणारे बहुतेक ट्रकचालक, कोल्हापूर-बेळगाव भागातले. काकी म्हणायची, "हांगा दोन खाणी, मास्तरा. एक मालकाची, एक म्हजी. मालकाच्या खाणीन मनीस मरता, म्हज्या खाणीन जगता." सुमन गेल्यानंतरही, माझ्यासमोर, ती हे तसंच म्हणायची. एक शब्दही तिने कमी केला नाही.

उंच, वाळकी, साठीच्या आसपासची बाई. विधवा, मूलबाळ नाही. हातात कायम नारळाच्या करवंटीचा दवलो, म्हणजे वाढायचा डाव. कोणी भात टाकला की त्या दवल्याचा दांडा त्याच्या बोटांवर बसायचा. मोठमोठे ट्रक चालवणारे गडी मुकाट बोटं चोळत उरलेला भात संपवायचे.

एकदा एका चालकाला जेवताना गावाहून तार आली. मी ती वाचून दाखवली. बाप वारला होता. तो ताटावरून उठायला लागला तशी काकीने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "आदीं जेव. बापूस मेला, तो खंय वचना. शीत मात थंड जाता." मेलेला बाप कुठे जात नाही, भात मात्र गार होतो, असं तिचं गणित. तो रडत जेवायला लागला, तर तिने दवलो उगारला. "रडता रडता गिळूं नाका. चाब आदीं. रडपी मनीस चाबना, गिळता. मागीर गळ्यांत आडकता." त्याने डोळे पुसले, सगळं चावून खाल्लं आणि मग गावाला गेला. त्यावर इतर चालक हसले होते. मीही हसलो होतो. तेव्हा माझ्या घरचं कोणी मेलेलं नव्हतं.

ते भाषेच्या भांडणाचे दिवस होते. राज्य होणार, तर राजभाषा कोणती, कोंकणी की मराठी, यावर घराघरांत अबोले धरले जात होते. दोन्ही बाजूंचे लोक सह्यांचे कागद घेऊन फिरत. काकीकडे मराठीवाले आले तेव्हा तिने त्यांना आधी जेवू घातलं आणि कागदावर अंगठा दिला. आठवड्याने कोंकणीवाले आले. त्यांनाही जेवू घातलं आणि अंगठा दिला. मी म्हटलं, "काकी, असं कसं? तुमची भाषा कुठली ते एकदा ठरवा."

"जेवतना कोण उलयता रे?" ती म्हणाली. "मराठीवाले चड जेवले. कोंकणीवाल्यांनी नुस्तें सोडलें. हांवें दोगांकय सांगलें, दुसरे तुमच्या परस बरे जेवतात. आतां झगडूं दी." नुस्तें म्हणजे मासे; आणि दोघांनाही तिने दुसरे तुमच्यापेक्षा बरे जेवतात असं सांगून ठेवलं होतं.

सुधीरला आधीपासूनच काही गिळवत नसे. आईचं दूध आणि नाचणीची पातळ पेज, एवढंच. भाताचं शीत जिभेला लागलं की तो ओक् करायचा. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर. सुमन तत्काळ त्याच्या तोंडात बोट घालून ते शीत काढायची. ती चपळ होती. पुढे पुढे तो नुसता चमचा पाहूनच ओकाऱ्या द्यायला लागला आणि सुमनचं बोट चमच्याच्याही आधी पोहोचायला लागलं.

तेराव्या दिवशी सासूबाई गावाहून आलेल्या होत्या. पाहुणे जेवून उठले. सासूबाई सुधीरला मांडीवर घेऊन भाताची पेज भरवत होत्या. तो ओकला. त्यांनी बोट घातलं. हुबेहूब सुमनसारखं, तसंच वाकवून. मला तिथे बसवेना.

काकी दारात उभी होती. ती सासूबाईंना म्हणाली, "तुमच्या धुवेन अशेंच बोटां घालून घालून ह्या भुरग्याच्या गळ्यांत भंय घातलां. आतां तुमी घालात."

सासूबाईंना तिची बोली कळत नव्हती, पण 'धुवेन' शब्द त्यांनी पकडला. "काय म्हणत्यात ह्या माझ्या लेकीला?" त्यांनी मला विचारलं. मी खोटं सांगायला तोंड उघडलं, तोवर काकीने तेच वाक्य शुद्ध मराठीत, सावकाश, शाळेतल्या मुलासारखं सुटं सुटं म्हणून दाखवलं: तुमच्या मुलीने अशीच बोटं घालून घालून या पोराच्या घशात भीती घातली, आता तुम्ही घालताय. तिला मराठी येत होतं. लागेल तिथे ती ते वापरायची.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदराने सुधीरचं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "जावयबापू, मार्गशीर्ष सरला की मी येते. तवर पोरगं अन्न खायला लागलं न्हाई, तर मी त्याला घेऊन जाणार. माझी लेक गेली, पोरगं तरी उपाशी मरू देणार न्हाई."

त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. पण त्या दोन खोल्यांत सुधीर सोडून माझं दुसरं काही उरलेलं नव्हतं.

तेव्हापासून शाळा सुटेपर्यंत सुधीर काकीकडे असे. पहिल्याच आठवड्यात तिने मला समोर बसवलं. उकडलेल्या कणंगाचे, म्हणजे रताळ्याचे, लांबट काप तिने ताटलीत ठेवले होते. "ह्या भुरग्याक खावपाक बोटाएदें दी," ती म्हणाली, "बोट दिवं नाका."

सुधीरने एक काप उचलला, तोंडात घातला आणि ओकला. माझा हात आपोआप पुढे गेला. दवल्याचा दांडा माझ्या मनगटावर बसला.

"हात मांडयेपोंदा घाल."

"काकी, अडकलंय त्याच्या—"

"घाल म्हळें न्हय? दोनूय."

मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो. सुधीर ओकत होता. ठसके, लाळ, लाल चेहरा. तो माझ्याकडे बघत होता. काकी समोर बसून तळलेला बांगडा खात होती. एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीत ठेवत होती.

"आयक," ती म्हणाली. "आवाज करता तोमेरेन तें जितें आसा. वाजता तें बरें. वाजूं दी. ओगी रावलें, तोंड उगडें आनी आवाज ना, मागीर धांव. तेन्ना मात बोट न्हय. पालथें घाल आनी फाटीर मार." आवाज आहे तोवर मूल जिवंत आहे आणि ओगी, म्हणजे गप्प, झालं की धावायचं, एवढं मला कळलं.

थोड्या वेळाने रताळ्याचा तो तुकडा सुधीरच्या जिभेवरून स्वतःच खाली पडला. त्याने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या. काकी म्हणाली, "पळय. ताचो गळो ताका कळटा. तुका कळना." पळय म्हणजे बघ.

हे रोज चाललं. मी शाळेतून यायचो, हात मांडीखाली घालायचो आणि माझा मुलगा माझ्यासमोर घुसमटायचा. एकदा मी म्हटलं की हे बघवत नाही. ती म्हणाली, "मागीर दोळे धांप. दोळ्यांक कोण धरता?"

कापांच्या पुढे तो जाईना. तोंडात घ्यायचा, ओकायचा, टाकून द्यायचा. पोटात काही जात नव्हतं. हाडं दिसायला लागली. तेव्हा एक दिवस सकाळी मी शाळेला निघताना काकी घाईत म्हणाली, "ताका कांकण दी हातांत. कालचें, घट जाल्लें. बरें चाबटलें."

आमच्याकडे कांकण म्हणजे बांगडी. 'कालचं' म्हणजे जुनं असेल, असं मी धरलं. हा इथला काही विधी असावा, गेलेल्या आईचं कांकण मुलाच्या हातात द्यायचा. मी ट्रंक उघडली. सुमनचं चांदीचं कांकण तळाशी, फडक्यात होतं. ते उघडायला मला बराच वेळ लागला. मी ते धुतलं, पुसलं आणि सुधीरच्या हातात दिलं.

त्याने ते तोंडात घातलं. हिरडीने चावलं. फिरवलं, पुन्हा चावलं. एकदाही ओकला नाही. मी दारात उभा राहून पाहत होतो. त्या दिवशी शाळेला उशीर झाला.

दुपारी काकीने ते पाहिलं आणि तिला हसू आवरेना. ती भिंतीला टेकून हसली. "अरे मास्तरा! पोदेराचें कांकण म्हळ्ळें हांवें! पावाचें!" सायकलवर हॉर्न वाजवत पाव विकणारा पोदेर जी कडक, बांगडीसारखी गोल भाकरी विकतो, तिला इकडे कांकण म्हणतात. चहात बुडवून खातात. दात येणाऱ्या मुलाच्या हातात देतात. अख्खं कांकण घशात जात नाही. मी लगेच माझा दोन खंडांचा मराठी शब्दकोश उघडला. कांकण: हातातील एक अलंकार. भाकरीचा उल्लेख नव्हता. मी तो तिला दाखवला. ती म्हणाली, "तुज्या पुस्तकांत ना, पोदेराच्या पाट्यांत आसा."

ते ती विसरली असती तर ती भामाकाकी नव्हे. दुसऱ्या दिवशी पडवीत भरल्या पंगतीत तिने ती गोष्ट सांगितली, माझ्या आवाजाची नक्कल करत, ट्रंक उघडण्यापासून. चालक ताटावर हात आपटून हसले. नंतर कितीतरी दिवस मला रस्त्यावर हाक यायची, "काय कांकण मास्तर, आज बायकोची पाटली काय?"

पण सुधीरला आता स्वतःच्या हाताने तोंडात घालायचं कळलं होतं. काकीने चांदीचं काढून घेतलं आणि पोदेराचं दिलं. तो ते तासन्‌तास चोखायचा. आता प्रश्न चावण्याचा होता. "पळयल्या बगर शिकचें ना," काकी म्हणाली आणि दुपारच्या पंगतीला तिने सुधीरला पडवीत बसवायला सुरुवात केली. उंची पुरेना, तेव्हा ती माझ्या शब्दकोशाचे दोन्ही खंड न विचारता घेऊन गेली आणि ते बाकावर ठेवून त्यावर त्याला बसवलं. कापडाने बाकाच्या पाठीला बांधलं. बाहेर मराठीसाठी माणसं रस्त्यावर उतरली होती आणि माझा मुलगा मराठीच्या कोशावर बसून त्यात मुतत होता. काकीला ती गोष्टही फार आवडली.

तिने त्याला नेमक्या एका माणसासमोर बसवलं. मारुती त्याचं नाव, गडहिंग्लजकडचा, जाड हनुवटीचा, अबोल. बाकीचे भात ढकलतात तसा तो जेवत नसे. डाव्या बाजूची दाढ दुखत असल्यामुळे तो सगळं उजव्या बाजूने, डोळे अर्धे मिटून, खूप वेळ चावायचा. सुधीर त्याच्या जबड्याकडे एकटक बघायचा. हळूहळू त्याचा स्वतःचा जबडाही हलायला लागला. आधी रिकामाच. मग रताळं, मग भोपळा, मग माशाचा काटे काढलेला तुकडा. ओकायचा, थांबायचा, मारुतीकडे बघायचा आणि पुन्हा चावायचा. मार्गशीर्षाच्या शेवटी तो मूठभर भात खाऊ लागला होता.

मला तो मारुती आवडायला लागला होता. मी एकदा त्याला म्हटलं, "तुमच्यामुळे पोरगा जेवायला लागला, बरं का." त्याने वर पाहिलं नाही. "व्हय," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला उठला. ताटात भात राहिला होता. काकीने त्या दिवशी त्याच्या बोटांवर मारलं नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

ठरल्याप्रमाणे सासूबाई संध्याकाळच्या बसने आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ते बंद झाले. आंदोलनवाल्यांनी झाडं तोडून आडवी टाकली होती. ट्रक जिथल्या तिथे उभे राहिले आणि दुपारी काकीची पडवी चालकांनी भरून गेली. मी सासूबाईंना बाकाच्या टोकाला बसवलं. मी सुधीरच्या शेजारी बसलो, दोन्ही हात मांडीखाली. समोर मारुती. त्याला त्या दिवशी जायचं होतं, हे मला दिसत होतं. पण जायला रस्ता नव्हता, आणि काकीने त्याचं ताट वाढून ठेवलं होतं.

सुधीरने भात खाल्ला. रताळ्याचा काप उचलला, चावला, गिळला. एकदा ओकला, सासूबाई अर्ध्या उठल्या, मी म्हटलं, "थांबा, आई. बघा." तो आपणच सावरला आणि हसला. त्याला दोन दात होते. सासूबाई खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खातंय की," त्या म्हणाल्या. "खातंय माझं लेकरू. आता कशाला नेऊ?"

मी जिंकलो होतो. ते एवढंच होतं, चार-पाच घासांइतकं.

पलीकडच्या बाकावर कोणीतरी मोठ्याने म्हणालं. त्याला मी दिसत नव्हतो. मधे खांब होता. "मारुत्या, लेका, भारी काम केलंस बघ. आई खाल्लीस, आता लेकराला खायला शिकीव!"

दोघं-तिघं हसले. मग एकाने बोलणाऱ्याला ढोसलं आणि ते थांबले.

ट्रकचालकाचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. पोलिसांच्या कागदांवर हेडमास्तरांनी बोट ठेवलं तिथे मी सही केली होती. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारा मी, तो कागद वाचला नव्हता.

मारुती खाली बघत होता. त्याचं चावणं थांबलं होतं, घास गालात तसाच.

सासूबाईंना समजायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. त्या उठल्या. मारुतीकडे गेल्या नाहीत. त्या सुधीरकडे आल्या, त्याचा जबडा धरला आणि तोंडातला रताळ्याचा नवा घास काढायला बोट घातलं. "थुंक," त्या म्हणत होत्या. "थुंक ते. त्याच्यासमोरचं नको. थुंक रं बाबा."

आणि सुधीर गप्प झाला.

तोंड उघडं होतं. डोळे उघडे होते. आवाज नव्हता. मी त्याच्यापासून एका वितीवर होतो. मला सगळं पाठ होतं, ओगी राहिला की धांव, पालथा घाल, पाठीवर मार. माझे हात मांडीखाली होते. ते तिथेच राहिले. दोन महिने मी त्यांना तेवढंच शिकवलं होतं.

काकीने फेकलेला दवलो मला आधी ऐकू आला. तिने कापडाची गाठ सोडली नाही, ओढून फाडली. सुधीरला आपल्या हातावर पालथा घातला, डोकं खाली, आणि तळव्याने पाठीवर मारलं. एक. दोन. तीन. चौथ्याला रताळ्याचा तुकडा शब्दकोशावर पडला आणि सुधीर किंचाळला.

"वाजलें," काकी म्हणाली.

ती त्याला खांद्यावर घेऊन उभी राहिली आणि सासूबाईंकडे वळली. मला वाटलं, आता तरी ती गप्प राहील. ती पुन्हा शुद्ध मराठीत बोलली, सुटं सुटं. "तुमच्या मुलीचं बोट तुमचंच होतं. आता कळलं मला, ती कुठे शिकली ते."

मग माझ्याकडे पाहिलं. "आनी हो मास्तर. बशिल्लो." आणि हा मास्तर, बसून होता. एवढंच. दुसरं काही बोलली असती तर बरं झालं असतं.

रस्ते दोन दिवस उघडले नाहीत. सासूबाईंना कुठेच जाता येईना. त्या आमच्या खोलीत भिंतीला टेकून बसून होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. सुधीर रांगत त्यांच्याजवळ जायचा. त्या त्याला शिवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दोडामार्गकडे बस सुटली, तिने त्या गेल्या. सुधीरला नेण्याविषयी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पुन्हा आल्याही नाहीत. तीन वर्षांनी वारल्या.

मारुती त्या दिवशी उठून गेला तो परत आला नाही. मी काकीला विचारलं. ती विळीवर मासे कापत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांक खबर आशिल्ली. तुकाच ना."

"मग त्याच्यासमोर का बसवलंत माझ्या मुलाला?"

"तोच एकटो सवकास चाबता. हेर गिळटात." तिने माशाचं डोकं वेगळं केलं. "तो येवंक सोदिनाशिल्लो. दुसरे कडेन जेवतां म्हणूंक लागलो. हांवें सांगलें, येना जाल्यार मास्तराक तुजें नांव सांगतां. मागीर आयलो. दिसपट्टो आयलो. मान सकयल घालून जेवलो." मला नाव सांगायची धमकी देऊन तिने त्याला रोज यायला लावलं होतं. मासा कापता कापता ती म्हणाली, "ताकाय सोंपें नाशिल्लें. कोणाकच नाशिल्लें. भुरगें जेवलें मरे?"

मूल जेवलं होतं.

पण आता जेवेना. दुपार झाली की तो पडवीत समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघायचा. भाताचा घास तोंडात धरून बसायचा आणि ओकून टाकायचा. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी काकीने मला शाळेतून बोलावून घेतलं. मारुतीच्या जागेवर ताट वाढलेलं होतं.

"बस थंय."

मी बसलो.

"ताचे भशेन चाब. उजवे वटेन. दोळे अर्दे धांप."

"काकी, हे मला सांगू नका."

"तुका कोण सांगता? भुरगें सांगता. पळय ताका."

सुधीर माझ्या जबड्याकडे बघत होता. मी घास उजव्या गालात घेतला. डोळे अर्धे मिटले. ज्या माणसाने सुमनला मारलं त्याच्यासारखा मी चावायला लागलो. काकी मधेच येऊन माझी हनुवटी दवल्याने वर करत होती. "सवकास. तो इतलो बेगीन चाबिनाशिल्लो. हां. अशें." थोड्या वेळाने सुधीरचा जबडा हलला. तिने त्याच्या ताटलीत भात वाढला आणि ती आत निघून गेली.

जूनमध्ये माझी पेडण्याला बदली झाली. तोवर राज्य झालं होतं. निघताना मी तिच्या पाया पडलो नाही. तिनेही ते अपेक्षिलं नसावं. "कोश धुवन व्हर," ती म्हणाली. "वास येता."

सुधीर पहिलीत होता तेव्हा, जावं की न जावं असं करत, एकदा आम्ही तिच्याकडे गेलो. खाणावळ बंद झाली होती. बाकं भिंतीला लावून ठेवली होती. ती पायरीवर बसून चहात कांकण बुडवून खात होती. तिचे दात गेले होते. तिने माझी चौकशी केली नाही. पिशवीतून एक कोरडं कांकण काढून सुधीरला दिलं. त्याने मोठा तुकडा मोडून तोंडात घातला आणि त्याला ठसका लागला. माझा हात उठला.

"हात!" ती म्हणाली.

मी हात खाली घेतला. सुधीर खोकला, सावरला, पुन्हा चावायला लागला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. पुढे वाकून, डोळे बारीक करून त्याचा जबडा बघत होती, उजव्या बाजूने कसा हलतो ते.

"बरो चाबता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कोणावरी चाबता तें ताका सांगूं नाका."

कोणासारखा चावतो ते त्याला सांगू नकोस, हे तिचं शेवटचं बोलणं. आम्ही बस पकडली. बसच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा ती कपातला गळालेला तुकडा बोटाने शोधत होती.

मी सुधीरला सांगितलेलं नाही. सुमनचं कांकण कपाटात आहे. शब्दकोशाचा दुसरा खंड फुगलेला आहे, त्याची पानं सुटी होत नाहीत. सुधीर आता मोठा आहे, काहीही खातो. आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसतो. तो उजव्या बाजूने, डोळे अर्धे मिटून, सावकाश चावतो. मीही तसंच चावतो. माझा डावा हात मांडीखाली असतो.